ट्यूबलाइटचा फॉस्फर सुधारायचा कसा: खानदेशातल्या कॉलेज प्रयोगशाळांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांमध्ये एम.एस्सी.चे प्रोजेक्ट बघितले तर फॉस्फरवर, म्हणजे किरण गिळून प्रकाश देणाऱ्या पावडरीवर, दरवर्षी काही ना काही काम चालूच असते. बहुतेकांची दिशा ठरलेली: नवा होस्ट (मूळ स्फटिक) घ्यायचा, त्यात नवा डोपंट (चमक देणारे थोडेसे मूलद्रव्य) घालायचा, पावडर चमकली की फोटो काढायचा. आमचे मत थोडे वेगळे आहे. ट्यूबलाइटचे जुने, ओळखीचे फॉस्फर घ्या आणि त्यात प्रकाश कुठे वाया जातो ते एकेक करून शोधा. यात शिकायला जास्त मिळते, आणि हाती येणारी पावडर खरोखर वापरता येण्याजोगी असते.

ट्यूबचे दिवस भरत आले आहेत, हे खरे. पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत सरळ नळ्यांचे उत्पादनही २०२७ पर्यंत थांबवायचे ठरले. पण याच पावडरी आणि हीच कृती अतिनील दिव्यांना, त्वचारोगाच्या उपचारासाठीच्या दिव्यांना आणि शेतातल्या प्रकाश सापळ्यांना लागते. एलईडीचा फॉस्फरही याच नियमांनी बनतो, उत्तेजन देणारी तरंगलांबी तेवढी वेगळी.

प्रकाश कुठे गळतो

नळीतल्या कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेत विजेच्या साधारण ६०% ऊर्जेचे रूपांतर २५४ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत होते. थोडा भाग १८५ नॅनोमीटरचाही असतो. फॉस्फर २५४ चा एक फोटॉन गिळतो आणि दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन देतो. २५४ च्या फोटॉनमध्ये ४.८८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर ५५० च्या हिरव्या फोटॉनमध्ये २.२५. म्हणजे फॉस्फर शंभर टक्के कार्यक्षम असला तरी निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेत जाणारच. ही गळती थांबवणे आपल्या हातात नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका.

हातातल्या गळत्या चार आहेत: लोहासारखी अशुद्धी, युरोपियम किंवा सेरियमची चुकीची संयुजा, खराब झालेला कणांचा पृष्ठभाग, आणि नळीत भाजताना व वापरताना होणारी झीज.

जुना पांढरा फॉस्फर म्हणजे अँटिमनी आणि मँगनीज घातलेला कॅल्शियम हॅलोफॉस्फेट, १९४२ मध्ये इंग्लंडात निघालेला. त्यात अँटिमनी २५४ शोषून निळसर प्रकाश देतो आणि उरलेली ऊर्जा मँगनीजला देतो, ती नारिंगी होऊन बाहेर पडते. स्वस्त आहे, पण त्याच्या उजेडात रंग फिके दिसतात, आणि १८५ च्या किरणांनी त्यात रंगकेंद्रे (प्रकाश गिळणारे स्फटिकातले दोष) तयार होऊन तो काळवंडतो. जाड ३८ मिलीमीटरच्या नळीत हे निभावून गेले. नळी २६ आणि मग १६ मिलीमीटरची झाली तशी भिंतीवरची किरणांची तीव्रता वाढली आणि हॅलोफॉस्फेट मागे पडला. त्याच्या जागी तिरंगी मिश्रण आले: लाल ६११, हिरवा ५४५ आणि निळा ४५० नॅनोमीटर. खाली याच तिघांचा विचार केला आहे.

एक स्थानिक खुलासा आधीच. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे खोलीत ४२-४३ अंश असताना ट्यूब मंद वाटते, त्यात फॉस्फरचा दोष नसतो. साध्या नळीचा सर्वोत्तम उजेड भोवती २५ अंशांच्या आसपास तापमान असताना मिळतो. त्याहून गरम झाले की पाऱ्याचा दाब वाढतो आणि वाफच स्वतःचे २५४ पुन्हा गिळते. म्हणून नळीची तुलना करायची ती सकाळी, एकाच वेळी, एकाच खोलीत.

आधी प्रयोगशाळा नीट करा

पाणी: आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. त्यातल्या सल्फेटने बेरियम लगेच पांढरा साका होऊन खाली बसतो, आणि लोह तर फॉस्फरचा वैरीच. वजनात दशलक्षात काही भाग लोह आले तरी उजेड कमी झालेला दिसतो. सगळीकडे दोनदा ऊर्ध्वपातित केलेले पाणी वापरा. भांडी धुतल्यावर शेवटची विसळणही त्याच पाण्याची. स्टीलचा चमचा, लोखंडी खल, गंजलेला स्टँड पावडरीजवळ नको. अ‍ॅगेटचा खल आणि प्लास्टिकचा चमचा ठेवा.

भट्टी: कॉलेजची मफल भट्टी बहुधा १००० ते ११०० अंशांपर्यंत जाते. पडद्यावरचा आकडा खरा मानू नका. थर्मोकपल मागच्या भिंतीजवळ असतो आणि दाराजवळ ३०-४० अंशांचा फरक सहज पडतो. तपासायला मीठ चांगले: शुद्ध सोडियम क्लोराइड ८०१ अंशांना वितळते. जळगावात सराफ बाजार हाताशी आहेच, तेव्हा शुद्ध चांदीच्या तारेचा छोटा तुकडाही चालेल. तिचा वितळणबिंदू ९६२ अंश, पण उघड्या हवेत ती ऑक्सिजन शोषते आणि दहाएक अंश आधीच वितळते, एवढे ध्यानात ठेवा. पावडर ठेवणार त्याच जागी तुकडा ठेवून तपासा.

दिवा: रसायनशास्त्र विभागात टीएलसीची (पातळ थरावर रसायने वेगळी करून बघण्याच्या पद्धतीची) पेटी असते, २५४ आणि ३६६ या दोन दिव्यांची. सुरुवातीला तेवढी पुरते. डोळ्यांना पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवाच.

तुलनेचा नमुना: बाजारातला दिव्याच्या प्रतीचा लाल, हिरवा, निळा फॉस्फर थोडा थोडा विकत घ्या. याशिवाय कामाला अर्थ नाही. अंधारात कुठलीही पावडर चमकदार वाटते. विकतची शेजारी ठेवली की आपली किती मागे आहे ते उघड होते. दोन्ही पावडरी सारख्याच खाचांमध्ये सारख्याच दाबून भरा. मोबाइलने फोटो काढताना एक्स्पोजर, आयएसओ आणि रंगसंतुलन हाताने पक्के करा, आणि कॅमेऱ्यासमोर साधी खिडकीची काच धरा. ती २५४ अडवते, दृश्य प्रकाश सोडते. स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटरला नमुना पाठवण्याआधी निम्मे नमुने इथेच बाद होतात.

जुन्या ट्यूब फोडून पावडर काढायची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. ती नकोच. त्या पावडरीत पारा मुरलेला असतो, आणि बाद नळ्या ई-कचऱ्याच्या नियमांत येतात.

लाल: युरोपियम घातलेला यिट्रियम ऑक्साइड

सुरुवात यानेच करा. हवेत भाजता येतो, संयुजेची कटकट नाही, आणि नीट बनला तर कार्यक्षमता आदर्शाच्या अगदी जवळ जाते. ५ मोल टक्के युरोपियमची ४.६४ ग्रॅमची घाणी अशी:

यिट्रियम ऑक्साइड ४.२९० ग्रॅम
युरोपियम ऑक्साइड ०.३५२ ग्रॅम
संहत नायट्रिक आम्ल ९ मिलिलिटर, तेवढ्याच पाण्यात पातळ केलेले
ऑक्झॅलिक आम्ल (स्फटिकी) ९.१ ग्रॅम, १०० मिलिलिटर पाण्यात

१. दोन्ही ऑक्साइड तोलण्याआधी ९०० अंशांवर दोन तास तापवा आणि डेसिकेटरमध्ये गार करा. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड व ओल धरतात. तापवले नाही तर वजन चुकते, आणि मग ५% लिहिलेला नमुना प्रत्यक्षात ५% नसतो.

२. आम्लात ६०-७० अंशांवर ढवळत विरघळवा. द्रावण काचेसारखे स्वच्छ हवे. गढूळ राहिले तर थोडे आम्ल आणखी घाला, आणि मग २०० मिलिलिटरपर्यंत पाणी.

३. अमोनियाचे थेंब टाकून पीएच २ च्या आसपास आणा. फार आम्लात ऑक्झॅलेट पूर्ण खाली बसत नाही. जास्त अमोनिया पडला तर चिकट हायड्रॉक्साइड येतो, जो गाळता गाळता संध्याकाळ होते.

४. द्रावण ७० अंशांवर ठेवून ऑक्झॅलिक आम्ल ब्युरेटने थेंबथेंब सोडा, अर्धा-पाऊण तास घेऊन. लाल फॉस्फरचा कस बराचसा या पायरीवर ठरतो. एकदम ओतले तर कण मैद्यासारखे बारीक होतात आणि भाजल्यावर गोळे धरतात. सावकाश आणि गरम असताना सोडले तर दाणेदार साका मिळतो, तो पटकन खाली बसतो आणि वरचे पाणी निवळ दिसते. तासभर तसाच गरम ठेवा.

५. गाळा, गरम पाण्याने तीन-चारदा धुवा, ११० अंशांवर वाळवा. मग मिनिटाला ५ अंश या चालीने ८५० अंशांपर्यंत न्या आणि दोन तास ठेवा. ऑक्झॅलेटचे ऑक्साइड होते.

६. या पावडरीत वजनाच्या ०.५% लिथियम कार्बोनेट मिसळा आणि १२०० ते १२५० अंशांवर चार तास भाजा. भट्टी ११०० लाच थांबत असेल तर सहा-सात तास द्या. फ्लक्समुळे, म्हणजे इथे लिथियम कार्बोनेटमुळे, कमी तापमानातही स्फटिक नीट वाढतात. फ्लक्स म्हणून बोरिक आम्ल हाताशी असते, पण ०.५% च्या वर गेलात तर यिट्रियम बोरेट तयार होतो आणि लालऐवजी ५९३ चा नारिंगी डोकावतो.

७. गरम पाण्याने दोनदा धुऊन फ्लक्स काढा, वाळवा, आणि २०० मेशच्या नायलॉनच्या जाळीतून गाळा.

दळायचे नाही. गोळा झाला असेल तर अ‍ॅगेटमध्ये हलकेच मोडा, रगडू नका. जोरात रगडले की स्फटिकांच्या पृष्ठभागावर दोष तयार होतात आणि शोषलेली ऊर्जा तिथेच विरते. दिव्याला ३ ते ८ मायक्रॉनचे कण हवे असतात. नॅनो पावडर हा शब्द प्रबंधात शोभतो, पण नळीत बारीक कण अतिनील किरण परत फेकतात आणि प्रकाश कमी मिळतो.

युरोपियमचे प्रमाण ठरवायला २, ३, ४, ५, ६, ८% अशी मालिका करा. कमी युरोपियम असेल तर ६११ सोबत वरच्या पातळीतून येणाऱ्या हिरव्या-पिवळ्या रेषाही दिसतात, म्हणून रंग नारिंगीकडे झुकतो. फार जास्त झाले तर ऊर्जा एका युरोपियमवरून दुसऱ्यावर उड्या मारत दोषापर्यंत पोचते आणि उजेड कमी होतो. ३ ते ६ च्या मध्ये कुठेतरी तुमचा बिंदू सापडेल. मालिका एकाच दिवशी, एकाच भट्टीत, एकाच बाटलीतल्या रसायनांची हवी.

दिवसाच्या उजेडात पावडर दुधासारखी पांढरी दिसली पाहिजे. पिवळसर झाक असेल तर लोहाचा संशय घ्या. ३६६ च्या दिव्याखाली हा फॉस्फर जवळपास मरगळलेलाच दिसतो. त्यात काही बिघडलेले नाही, त्याचे शोषण २५० च्या आसपास आहे.

निळा: बेरियम मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनेट

खरी परीक्षा इथे. यात युरोपियम द्विसंयुजी हवा, आणि कारखान्यात तो नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून १५००-१६०० अंशांवर बनवतात. ती सोय नसेल तर ज्वलन पद्धत आणि कोळसा. नायट्रेट आणि युरियाच्या ज्वलनाने अ‍ॅल्युमिना बनवण्याची पद्धत १९८८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्सले आणि पाटील यांनी मांडली. आपल्या कामाला ती फार सोयीची.

युरियाचा हिशोब संयुजांवरून होतो. युरियाची क्षपणक्षमता ६, द्विसंयुजी धातूच्या नायट्रेटची ऑक्सिडीकारक क्षमता १० आणि त्रिसंयुजीची १५. बेरियमच्या दहा टक्के जागी युरोपियम घेतला तर एका मोलसाठी (बेरियम ०.९, युरोपियम ०.१, मॅग्नेशियम १, अ‍ॅल्युमिनियम १०) ९ + १.५ + १० + १५० = १७०.५, भागिले ६ म्हणजे २८.४ मोल युरिया. ३.५ ग्रॅमच्या घाणीचे आकडे असे:

बेरियम नायट्रेट १.१७६ ग्रॅम
मॅग्नेशियम नायट्रेट (सहा पाण्याचा) १.२८२ ग्रॅम
अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट (नऊ पाण्याचा) १८.७६ ग्रॅम
युरोपियम ऑक्साइड ०.०८८ ग्रॅम, थोड्या नायट्रिक आम्लात विरघळवून जवळजवळ कोरडा केलेला
युरिया ८.५३ ग्रॅम

अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट पावसाळ्यात पाणी सुटून ओलाकच्च होतो. जुलै-ऑगस्टमध्ये उघडी बाटली तोललीत तर तुम्ही पाणीच तोलता. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हा त्रास नाही. अ‍ॅल्युमिनियम कमी पडला की नको असलेला बेरियम अ‍ॅल्युमिनेट तयार होतो आणि निळ्यात हिरवट झाक येते. पावडर निळसर-हिरवी दिसली तर आधी ही बाटली तपासा, युरोपियमला दोष नंतर.

सगळे थोड्या पाण्यात विरघळवून अर्धा लिटरच्या रुंद सिलिका भांड्यात घ्या. एवढे मोठे भांडे लागते, कारण फेस कित्येक पट फुगतो. भट्टी आधीच ५०० ते ५५० अंशांवर हवी. भांडे आत ठेवले की पाणी उकळते, तपकिरी धूर येतो, फेस चढतो आणि तीन ते पाच मिनिटांत ज्वाळ धावत जाते. धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, म्हणून एक्झॉस्ट चालू ठेवा आणि भट्टीत वाकून बघू नका. ज्वाळ न येता नुसते धुमसले तर भट्टी गार होती किंवा पाणी जास्त होते.

हाती येणारा पांढरा, कुरकुरीत फेस २५४ खाली निळा दिसतो. बरेच जण इथेच थांबतात. पण ही पावडर अजून कच्ची आहे. स्फटिक अर्धवट, पृष्ठभाग प्रचंड, आणि काही युरोपियम अजून त्रिसंयुजी. स्पेक्ट्रममध्ये ६११ जवळ बारीक लाल शेंडे दिसले तर तीच खूण.

पुढची पायरी कोळशाची. फेस हलकेच मोडून वजनाच्या १% अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड मिसळा. भाजताना फ्लोराइडची वाफ निघते, एक्झॉस्ट हवाच. पावडर लहान अ‍ॅल्युमिना क्रूसिबलमध्ये घेऊन झाकण लावा. हे क्रूसिबल मोठ्या मुशीत ठेवून भोवती नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे दाणे भरा. वरचे झाकण केओलिनच्या चिखलाने लिंपा. बाहेरचे भांडे म्हणून सराफांकडची ग्रॅफाइटची मूस चालते, पण नवी घ्या, जुनीत टाकणखार मुरलेला असतो. हवेत ग्रॅफाइट जळत जाते, त्यामुळे ती काही भाजण्यांनंतर संपते. आपल्याकडे पऱ्हाटीचा कोळसा फुकट मिळतो, तरी तो नको. त्याच्या राखेतला पोटॅश आणि लोह उडून आत जातात. भट्टीच्या कमाल तापमानावर, म्हणजे ११०० जवळ, चार तास. खोलीची दारे-खिडक्या उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

मधेच वीज गेली तर? झाकण उघडू नका. गार होताना आतला वायू आकसतो, बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि लिंपणाला भेग असेल तर द्विसंयुजी झालेला युरोपियम पुन्हा त्रिसंयुजी होतो. पूर्ण गार होऊ द्या, नवे लिंपण करा, नव्या कोळशात पुन्हा भाजा. पावडर करडी निघाली तर कोळशाची भुकटी आत शिरली आहे. तिला ६०० अंशांवर हवेत जाळायचा मोह टाळा, कारण निळ्या फॉस्फरचा जीव त्याच तापमानाला जातो.

भाजणीची कसोटी आणि लेप

कारखान्यात पावडर पाण्यात किंवा विद्रावकात बाइंडर घालून नळीत ओततात आणि बाइंडर जाळायला ५००-६०० अंशांवर हवेत भाजतात. लाल आणि हिरवा हे सोसतात, निळा सोसत नाही. म्हणून पावडर कशी आहे हे ठरवताना भाजण्याआधीचा नव्हे, नंतरचा उजेड बघा. अर्धी पावडर उघड्या ताटलीत ५५० अंशांवर एक तास ठेवा, अर्धी तशीच, आणि दोन्ही शेजारी मोजा.

घट जास्त असेल तर कणांवर अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर द्या. ५ ग्रॅम पावडर ५० मिलिलिटर कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ढवळा, ०.२ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड घाला, ६० अंशांवर ठेवा आणि अल्कोहोलमध्ये पातळ केलेले पाणी तासभरात थेंबथेंब सोडा. यातून पावडरीच्या वजनाच्या १% अ‍ॅल्युमिना बसते. गाळून, वाळवून पुन्हा कोळशाच्या मुशीत ५०० अंशांवर तासभर. थर जाड झाला तर सुरुवातीचाच उजेड कमी होतो. ०.५, १ आणि २% असे तीन नमुने करून भाजणीच्या कसोटीला लावा.

हिरव्याबद्दल थोडक्यात

सेरियम आणि टर्बियम घातलेला लँथनम फॉस्फेट. सेरियम २५४ गिळतो आणि ऊर्जा टर्बियमला देतो, तो ५४५ ला चमकतो. सेरियम साधारण २७% आणि टर्बियम १३% पासून सुरुवात करा. टर्बियम महाग आहे, त्यामुळे तो १०% वर आणून किती उजेड टिकतो हे बघणे हाच चांगला प्रोजेक्ट होईल. दोन्ही त्रिसंयुजी राहायला हवेत, म्हणून शेवटची भाजणी कोळशात. पावडर पिवळट किंवा तपकिरी झाली की चतुःसंयुजी रूप शिरले असे समजा.

कोळशाविना जमणारा: प्रकाश सापळ्याचा फॉस्फर

कपाशी आणि भाजीपाल्याच्या शेतात पतंग पकडायच्या सापळ्यांना ३५० ते ३७० नॅनोमीटरचा दिवा लागतो. त्यातला एक फॉस्फर शिसे घातलेला बेरियम सिलिकेट, दुसरा युरोपियम घातलेला स्ट्रॉन्शियम बोरेट. दुसरा निवडा. त्यात शिसे नाही, आणि या होस्टमध्ये हवेत भाजूनही युरोपियम आपण होऊन द्विसंयुजी होतो.

स्ट्रॉन्शियम कार्बोनेट २.८९४ ग्रॅम, युरोपियम ऑक्साइड ०.०७० ग्रॅम, बोरिक आम्ल ५.१५ ग्रॅम. बोरिक आम्ल हिशोबापेक्षा ४% जास्त धरले आहे, कारण तापताना ते थोडे उडते. एकत्र खलून ३०० अंशांपर्यंत अगदी सावकाश न्या, नाहीतर पाणी सुटताना मिश्रण फुगून क्रूसिबलबाहेर येते. गार करून पुन्हा खला, मग ८७० अंशांवर पाच तास. ९०० च्या वर जाऊ नका. हा बोरेट हजारच्या थोडा अलीकडे वितळतो आणि भट्टीचा आकडा चुकला असेल तर क्रूसिबलच्या तळाला काच मिळते.

प्रकाश ३६८ च्या आसपास येतो, डोळ्यांना जवळपास दिसत नाही. तपासायला टिनोपॉल घातलेला पांढरा कापडाचा तुकडा पुरतो. दिवा बाजूने पावडरीवर पाडा, पावडर आणि कापडाच्या मध्ये साधी काच धरा. काच परावर्तित २५४ अडवते, ३६८ जाऊ देते, आणि कापड निळे उजळते. दिव्यातूनही थोडा ३६५ गळत असतो, तेव्हा युरोपियम न घातलेला कोरा बोरेट त्याच जागी ठेवून आधी कापड बघा. दोन्हींत फरक दिसला नाही तर जे उजळले ते दिव्याचे, तुमच्या पावडरीचे नव्हे.